वर्कशॉप संपल्यावर काय? व्हीएच्या पीटीएसडी ट्रेनिंगचं प्रकरण

प्रकरण अमेरिकेतलं आहे आणि सरकारी खात्याचं आहे. व्हेटरन्स अफेअर्स म्हणजे तिथलं माजी सैनिकांचं खातं, सगळे त्याला नुसतं व्हीए म्हणतात. २००६ च्या आसपास या खात्यापुढे एक विचित्र पेच होता. इराक आणि अफगाणिस्तानातून पोरं परत येत होती, झोप नाही, गाडी चालवताना रस्त्याच्या कडेला कचऱ्याची पिशवी दिसली की घाबरून लेन बदलायची, हॉटेलात गेलं की भिंतीला पाठ लावून दाराकडे तोंड करूनच बसायचं, घरात बायकोमुलांवर खेकसायचं. याला पीटीएसडी म्हणतात, भयंकर प्रसंगानंतर मनात ठाण मांडून बसणारा आजार. यावर लागू पडणाऱ्या दोन थेरपी होत्या, त्यांच्यावर रिसर्च झालेला होता, आणि व्हीएच्या हॉस्पिटलांमध्ये पगारी सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर हजारोंनी होते. फक्त त्यातल्या बहुतेकांना त्या थेरपी करता येत नव्हत्या.

आता हे लोक काही कॉलेजची मुलं नव्हेत. पीएचडी झालेले, वीस-वीस वर्षं व्हिएतनामवाल्यांबरोबर बसलेले. अशा माणसांना नवीन पद्धत शिकवायची कशी, आणि शिकवल्यावर ते ती खरंच वापरतात का, हा या केसचा विषय. माझं मत आधीच सांगून टाकतो: शिकवणं जमलं, वापरणं अडलं, आणि ते थेरपिस्टच्या डोक्यात कमी अन क्लिनिकच्या वेळापत्रकात जास्त अडलं.

थोडं मागे जावं लागेल. व्हीएला ट्रेनिंग नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये याच खात्याने विद्यापीठांमधून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तयार करायला पैसा ओतला आणि अमेरिकेत हा पेशा वाढला तो बराचसा त्या पैशावर. मग व्हिएतनाम झालं. १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये माजी सैनिक आणि रॉबर्ट लिफ्टन, खाइम शॅटान यांच्यासारखे सायकिअ‍ॅट्रिस्ट मोकळ्या गप्पांचे ग्रुप चालवू लागले. १९७९ ला व्हेट सेंटर्स म्हणजे माजी सैनिकांसाठीची समुपदेशन केंद्रं सुरू झाली, १९८० ला पीटीएसडी हे निदान अमेरिकन सायकिअ‍ॅट्रीच्या अधिकृत यादीत आलं, १९८९ ला व्हीएने नॅशनल सेंटर फॉर पीटीएसडी काढलं. एवढं सगळं झालं, पण रोजच्या क्लिनिकमध्ये जे चालायचं ते म्हणजे सपोर्ट ग्रुप, राग आवरायचे क्लास आणि गोळ्या. समज असा पक्का झालेला की जुना पीटीएसडी बरा होत नसतो, सांभाळायचा असतो, आणि जखम उकरलीत तर माणूस हातचा जाईल. एकेका ग्रुपमध्ये तीच माणसं वर्षानुवर्षं येत राहायची. त्या ग्रुपना नावं ठेवायचा माझा विचार नाही, कुठेच जायला जागा नसलेल्या माणसाला दर मंगळवारी बसायला एक खुर्ची मिळत होती हे काही थोडं नाही. पण त्याला उपचार म्हणणं अवघड आहे.

तर त्या दोन थेरपी. पहिली कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, सीपीटी, म्हणजे प्रसंगाबद्दलचे अडकलेले विचार तपासून बघायचे. पॅट्रिशिया रेसिक यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी तयार केलेली, आणि तीही सैनिकांसाठी नाही, बलात्कार झालेल्या बायकांसाठी. दुसरी प्रोलाँग्ड एक्स्पोजर, पीई, म्हणजे टाळलेल्या आठवणींना पुन्हा पुन्हा सामोरं जायचं, ती पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एडना फोआ यांची. तिचाही सुरुवातीचा बराचसा अभ्यास बलात्कारातून वाचलेल्या बायकांवरच. साहजिकच व्हीएमधल्या जुन्या लोकांचा पहिला प्रश्न, की हे फौजींना कसं चालणार, यांचं दुःखच वेगळं आहे. तो प्रश्न काही वेडगळ नव्हता. २००६ मध्ये कँडिस मॉन्सन आणि सहकाऱ्यांनी ६० माजी सैनिकांवर सीपीटीचा अभ्यास छापला, त्यात बहुतेक जण व्हिएतनामचे, म्हणजे तीस-पस्तीस वर्षं हे अंगावर वागवणारे, आणि सीपीटी मिळालेल्यांपैकी ४० टक्के लोक शेवटी पीटीएसडीच्या निदानात बसेनासे झाले. पुढच्या वर्षी पॉला श्नर यांचा २८४ स्त्री सैनिकांवरचा अभ्यास आला, त्यात सध्याच्या अडचणींवर बोलणाऱ्या थेरपीपेक्षा पीई सरस ठरली. त्यात २००८ मध्ये रँड या संशोधन संस्थेने हिशोब मांडला की तोवर लढाईवर जाऊन आलेल्या १६.४ लाख लोकांपैकी साधारण ३ लाखांना पीटीएसडी किंवा डिप्रेशन आहे. आता बसून राहणं शक्यच नव्हतं.

व्हीएने देशभर ट्रेनिंग लावलं. सीपीटीचं वर्कशॉप तीन दिवसांचं, पीईचं चार दिवसांचं. पण खरी गोष्ट त्यानंतरची. वर्कशॉप करून आलेल्याने आपल्या क्लिनिकमध्ये लगेच पेशंट घ्यायचा आणि दर आठवड्याला फोनवर एका अनुभवी कन्सल्टंटबरोबर, बाकी चार-पाच शिकाऊंसोबत, त्या केसवर बोलायचं. सीपीटीत हे साधारण सहा महिने. पीईत पेशंटच्या परवानगीने सेशनचं रेकॉर्डिंग करायचं, ते कन्सल्टंट ऐकणार, आणि केसेस पूर्ण केल्याशिवाय सर्टिफिकेट नाही. सीपीटीचं मॅन्युअलही सैनिकांच्या उदाहरणांनी नव्याने लिहिलं गेलं, रेसिक, मॉन्सन आणि कॅथलीन चार्ड यांनी मिळून.

या फोनवर नेमकं काय होतं ते बघण्यासारखं आहे म्हणून एक उदाहरण रचतो. हा माणूस खरा नाही पण असे पेशंट पीटीएसडी क्लिनिकला नेहमीचे. एक सार्जंट, ताफ्याचा प्रमुख. नेहमीचा रस्ता सोडून दुसऱ्या रस्त्याने गाड्या नेल्या, बॉम्ब फुटला, पुढच्या गाडीतला एकोणीस वर्षांचा पोरगा गेला. सीपीटीच्या सुरुवातीला पेशंट एक पान लिहून आणतो, हे का घडलं आणि त्यानंतर स्वतःबद्दल, जगाबद्दल काय वाटायला लागलं. याने लिहिलंय, ‘मी रस्ता बदलला नसता तर तो जिवंत असता. मी त्याला मारलं.’ सीपीटीत अशा वाक्यांना स्टक पॉइंट म्हणतात, म्हणजे जिथे माणूस अडकून बसलाय ती जागा.

नवा थेरपिस्ट इथे काय करतो? दहातले नऊ जण म्हणणार, ‘अहो, तुमची काही चूक नव्हती.’ चांगल्या मनाने म्हणणार. आणि इथेच घोडं पेंड खातं, कारण हेच वाक्य त्याची बायको, आई, चर्चचा पाद्री आणि त्याचे जुने साथीदार गेली कित्येक वर्षं म्हणतायत आणि पालथ्या घड्यावर पाणी. सार्जंट मान हलवतो, थँक्यू म्हणतो आणि पुढच्या वेळी येत नाही. फोनवर कन्सल्टंट सांगतो की समजावू नको, विचार. रस्ता का बदलला होता? त्या दिवशी सकाळी कोणती खबर होती? नेहमीच्या रस्त्यावर काय झालं असतं हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं का? बॉम्ब पेरला कुणी? आणि विचारून गप्प बस. हे गप्प बसणं शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. तीन दिवसांच्या वर्कशॉपात प्रत्येक जण मान डोलावतो की हो हो, सॉक्रेटिक प्रश्न, कॉलेजात शिकलोय, आणि समोर सहा फुटी माणूस ओठ चावून रडू आवरत बसला की सगळं शिकलेलं पळून जातं आणि तोंडातून बाहेर पडतं ते आश्वासनच.

दुसरी नेहमीची घसरण म्हणजे विषय सुटणं. पेशंट येतो आणि सांगतो की काल घरी मोठं भांडण झालं, ऑफिसात वॉर्निंग मिळाली, व्हीएची पेन्शनची फाइल अडकलीय. थेरपिस्ट माणूसच, तो त्यातच शिरतो, पन्नास मिनिटं संपतात, वर्कशीट बॅगेतच. असं तीन आठवडे झालं की बारा सेशनची थेरपी पुन्हा जुन्या गप्पांवर येते, येरे माझ्या मागल्या. आणि पेशंटला ते हवंच असतं बरं का, टाळणं हा तर या आजाराचा कणा आहे. कन्सल्टंट इथे विचारतो की मागच्या आठवड्याचं वर्कशीट त्याने भरलं का, नसेल भरलं तर तिथेच बसून त्याच भांडणावर भरा ना. म्हणजे भांडणही आलं आणि काम पण झालं.

पीईमध्ये भीती वेगळी. तिथे माणूस डोळे मिटून त्या दिवसाचा प्रसंग वर्तमानकाळात सांगतो, संपला की परत पहिल्यापासून, असं अर्धा-पाऊण तास, आणि अधूनमधून थेरपिस्ट विचारतो की शून्य ते शंभरमध्ये त्रास आत्ता किती. त्याचं रेकॉर्डिंग तो घरी नेऊन रोज ऐकतो. शिवाय टाळलेल्या जागांची यादी करून एकेक जागी जायचं, गर्दीचं दुकान, स्टेडियम. ऐकायला क्रूर वाटतं. थेरपिस्टलाही वाटतं, म्हणून तो त्रासाचा आकडा नव्वदवर गेला की घाबरून थांबवतो, ‘आज एवढं पुरे’. आणि पेशंटला संदेश काय जातो, की ही आठवण इतकी भयंकर आहे की डॉक्टरलाही सहन झाली नाही. ट्रेनिंगचा मोठा भाग हा पेशंटला नव्हे तर थेरपिस्टला खुर्चीत बसवून ठेवण्याचा आहे असं मला वाटतं.

याचं फळ मिळालं का? मिळालं. पीईच्या ट्रेनिंगमधल्या ८०४ थेरपिस्टनी उपचार केलेल्या १,९३१ माजी सैनिकांचे आकडे २०१३ मध्ये अफसून एफ्तेखारी आणि सहकाऱ्यांनी छापले. सुरुवातीला ८७.६ टक्के लोक पीटीएसडीच्या चाचणीत पॉझिटिव्ह, शेवटी ४६.२ टक्के. आणि हे कुणा प्रोफेसरच्या लॅबमध्ये नाही, शिकाऊ लोकांच्या हातून, साध्या हॉस्पिटलात. तुलनेला दुसरा गट नव्हता आणि पहिल्या केससाठी प्रत्येक जण जरा बरा पेशंट निवडतो हेही लक्षात ठेवायला हवं, तरी हे मोठं आहे.

फोनचा खरंच उपयोग होतो का, की नुसतं वर्कशॉप पुरलं असतं, हे नंतर कॅनडात तपासलं गेलं. मॉन्सन यांच्याच टीमने १३४ थेरपिस्ट घेतले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एका गटाला वर्कशॉपनंतर काहीच नाही, दुसऱ्याला दर आठवड्याला ग्रुपमध्ये सल्ला, तिसऱ्याला सल्ला अधिक सेशनची टेप ऐकणं. २०१८ मध्ये निकाल आला की नेहमीचा सल्ला मिळालेल्यांचे पेशंट नुसतं वर्कशॉप केलेल्यांच्या पेशंटपेक्षा जास्त सुधारले. गंमत म्हणजे टेप ऐकण्याने त्यात काही भर पडली नाही. टेप म्हणजे सोनं असं मानणाऱ्या आमच्यासारख्यांना हे जरा झोंबलं. मला वाटतं टेप ऐकण्यात तो तास खर्च होतो आणि पुढच्या सेशनला काय करायचं हे बोलायचं राहून जातं. पण हा माझा अंदाज.

आता दुसरी बाजू. २००८ मध्ये व्हीएने नियमच केला की पीटीएसडी असलेल्या प्रत्येक माजी सैनिकाला सीपीटी किंवा पीई मिळायची सोय हवी. नियम झाला, ट्रेनिंग झालं, सर्टिफिकेटं भिंतीवर लागली. मग ब्रायन शायनर यांच्या टीमने न्यू इंग्लंडमधल्या सहा पीटीएसडी क्लिनिकमध्ये नव्याने आलेल्या पेशंटच्या नोंदी तपासल्या, तर पहिल्या सहा महिन्यांत या थेरपींचं किमान एक सेशन मिळालेले लोक फक्त ६ टक्के निघाले. सहा! पुढे शिरा मागुएन यांच्या टीमने इराक-अफगाणिस्तानातून आलेल्या आणि पीटीएसडी असलेल्या अडीच लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी बघितल्या, २००१ ते २०१५ च्या. थेरपी सुरू केलेले २२.८ टक्के, पूर्ण केलेले ९.१ टक्के.

का? ज्याला त्याला विचारलं तर उत्तर मिळेल की पेशंट तयार नव्हते. हा ‘तयार नाही’ शब्द मला फार संशयास्पद वाटतो. कोण तयार आहे हे ठरवतो थेरपिस्ट, आणि त्याचे निकष माणसागणिक बदलतात. कुणी म्हणतं दारू सुटू दे आधी, कुणी म्हणतं झोप बसू दे, कुणी म्हणतं आधी सहा आठवडे तयारीचा ग्रुप कर. त्या ग्रुपमधून पेशंट पुढच्या ग्रुपमध्ये आणि तिथून घरी.

पण त्याहून साधं कारण म्हणजे कॅलेंडर. पीईला नव्वद मिनिटं लागतात, क्लिनिकचा स्लॉट साठचा. आठवड्याला एक याप्रमाणे सलग तीन महिने तोच वार तीच वेळ लागते आणि थेरपिस्टकडे शंभरावर पेशंट महिन्यातून एकदा यायचे ठरलेले. त्यात जुने ग्रुप बंद करायचे तर वीस वर्षं येणारा व्हिएतनामवाला स्थानिक खासदाराला पत्र लिहिणार. ज्या मॅनेजरने थेरपिस्टला वर्कशॉपला धाडलं त्याच मॅनेजरने त्याचा एकही स्लॉट मोकळा केला नाही असं झालं की ट्रेनिंग म्हणजे कागदी घोडेच. थेरपिस्ट दोन केस पूर्ण करतो, सर्टिफिकेट घेतो आणि परत जुन्या रुळावर.

आणखी एक तांत्रिक पण फार महत्त्वाची गोष्ट. बरीच वर्षं कॉम्प्युटरला फक्त ‘सायकोथेरपी झाली’ एवढंच कळायचं, कोणती ते नाही. त्यामुळे संशोधकांना लाखो नोट्स सॉफ्टवेअरने वाचून त्यात सीपीटी, पीईची चिन्हं शोधावी लागली. नंतर व्हीएने ठरावीक टेम्प्लेट आणलं, की आज कितवं सेशन, कोणतं वर्कशीट, चाचणीचा आकडा किती. थेरपिस्ट लोक वैतागले असणारच, पण जे मोजता येत नाही त्याचं ट्रेनिंग यशस्वी झालं का हे कुणीही काहीही सांगू शकतं.

व्हीएच्या बाहेर तर आणखी कठीण, कारण कितीतरी माजी सैनिक गावातल्या खासगी सायकॉलॉजिस्टकडे जातात. २०१४ मध्ये रँडने अशा ५२२ सिव्हिलियन थेरपिस्टची पाहणी केली, त्यात फौजी संस्कृतीची जाण आणि पुराव्यावर आधारलेल्या उपचारांचं ट्रेनिंग या दोन्हीत बसणारे फक्त १३ टक्के निघाले. सेंटर फॉर डिप्लॉयमेंट सायकॉलॉजी ही संस्था २००६ पासून याच कामाला आहे, सैन्यातल्या आणि बाहेरच्या दोन्ही थेरपिस्टना शिकवते. रँक कोणता म्हणजे काय, पोस्टिंग आणि लढाईवरची पाठवणी यात फरक काय, आणि पहिल्याच भेटीत ‘तुम्ही कुणाला मारलंत का’ हे कुतूहलाने विचारायचं नसतं. वाचून हसू येईल पण विचारतात लोक.

आणि विचारायची वेळ येते तेव्हा आणखी एक गाठ असते. सार्जंटच्या उदाहरणात दोष त्याचा नव्हताच, म्हणून प्रश्न विचारून गाठ सुटते. पण ज्याने खरंच नाक्यावर न थांबलेल्या गाडीवर गोळ्या झाडल्या आणि आत कुटुंब निघालं, त्याच्या अपराधी भावनेला नुसता चुकीचा विचार म्हणायचं का? ब्रेट लिट्झ आणि सहकाऱ्यांनी २००९ पासून याला मोरल इंज्युरी, म्हणजे नैतिक जखम, म्हणून वेगळं मांडलं, वेगळी थेरपीही बांधली. सीपीटीवाले म्हणतात आमच्यातही हे बसतं, हेतू काय होता, त्या क्षणी काय दिसत होतं, हे वेगळं करता येतं. वाद चालू आहे. मी लिट्झ यांच्या बाजूला थोडा झुकतो. काही अपराधीपण खरं असतं आणि ते काढून टाकायचा हट्ट धरला की तो माणूस थेरपिस्टवरचा विश्वास गमावतो.

मारिया स्टीनकॅम्प, लिट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये सैनिकांवरचे अभ्यास एकत्र करून दाखवलं की सीपीटी-पीई घेतलेल्यांपैकी ४९ ते ७० टक्के लोकांना ठळक फायदा होतो पण दोन तृतीयांशांच्या आसपास लोक उपचारानंतरही निदानात बसतात. म्हणजे ट्रेनिंगवाल्यांनी छाती फुगवायचं कारण नाही आणि जुन्या ग्रुपवाल्यांनी ‘बघा, सांगत होतो’ म्हणायचंही नाही.

आपल्याकडे बघायचं तर सातारा, कोल्हापूरकडच्या कित्येक गावांत घरटी फौजी. रिटायर झाल्यावर त्यांना आधार म्हणजे २००३ ला सुरू झालेल्या ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची पॉलीक्लिनिकं. तिथे वर्कशॉप लावणं सोपं आहे, फोटोही छान येतात. पण पुण्यातला एखादा अनुभवी माणूस सहा महिने दर गुरुवारी फोनवर बसणार, आणि साताऱ्यातल्या सायकॉलॉजिस्टचा आठवड्यातला एक तास त्यासाठी पगारात धरला जाणार, एवढं ठरलं तरच सुरुवात करावी. वर्कशीट मराठीत लागतील, आणि सुभेदारसाहेबांना ती घरी भरायला लाज वाटणार नाही अशी लागतील.

अमेरिकेत पुढे वेळेचा प्रश्न दुसरीकडून सोडवायला घेतला गेला. टेक्सासच्या फोर्ट हूड या लष्करी तळावर नोकरीत असलेल्या सैनिकांना पीईची दहा सेशन आठ आठवड्यांऐवजी दोन आठवड्यांत दिली, आणि २०१८ मध्ये फोआ यांच्या टीमने दाखवलं की दाटीवाटीने दिल्याने परिणाम कमी होत नाही. तो अभ्यास सैन्यातला, पण आता व्हीएच्या काही हॉस्पिटलांतही दोन-तीन आठवड्यांचे असे सलग कार्यक्रम चालतात, व्हिडिओ कॉलवरही थेरपी होते. २०२२ मध्ये १७ व्हीए हॉस्पिटलांतल्या ९१६ माजी सैनिकांवर दोन्ही थेरपींची समोरासमोर तुलना झाली. पीई थोडी सरस, निदानातून बाहेर पडलेले ४०.४ टक्के विरुद्ध सीपीटीचे २८.२, पण मध्येच सोडणारेही पीईतच जास्त, ५५.८ विरुद्ध ४६.६. म्हणून आता नॅशनल सेंटरचा सल्ला असा की दोन्ही पद्धती पेशंटपुढे मांडा आणि त्याला निवडू द्या. ऐकायला रास्त आहे, पण त्यासाठी प्रत्येक क्लिनिकमध्ये दोन्ही येणारे लोक हवेत, आणि ज्याने पीई निवडली त्याला पुढच्या सोमवारी नव्वद मिनिटं मिळायला हवीत.